मळभाच्या दिवशी माळावर अर्धा तास

आपल्याकडे आभाळ भरून आले की घरातील वृद्धांना पहिली सूचना मिळते ती ‘आज बाहेर पडू नका’ ही. सांगणाऱ्याच्या मनात काळजी असते, ऐकणाऱ्यालाही बहुधा तेच हवे असते. त्यामुळे या सूचनेचा फेरविचार करण्याची वेळ कुणावर येत नाही. महाराष्ट्रात हे पावसाळ्याच्या चार महिन्यांपुरते चालून जाते. परंतु उत्तर इंग्लंडमध्ये मुलाकडे किंवा मुलीकडे राहावयास गेलेल्या ज्येष्ठांनी हाच नियम पाळायचा ठरविला, तर वर्षाचा फार मोठा भाग खिडकीशी बसून काढावा लागेल. तेथे राखाडी आभाळ हा अपवाद नव्हे, तोच नित्यक्रम. सूर्य दिसेपर्यंत थांबू म्हणणारा माणूस थांबूनच राहतो, आणि थांबता थांबता त्याचे पाय दुबळे होतात.

म्हणूनच या लेखात मी अशा एका फिरण्याविषयी लिहिणार आहे, जे मुद्दाम मळभाच्या दिवशी केले, मुद्दाम लहान ठेवले, आणि जे एका मूरवर झाले.

‘मूर’ या इंग्रजी शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. माळरान म्हणावे तर ते कोरडे वाटते. पठार म्हणावे तर केवळ आकार कळतो. मला सर्वांत जवळचा वाटतो तो कोकणातला ‘सडा’. उंचावरचा, उघडा, वृक्षहीन प्रदेश. वारा अडविणारे काही नाही. पातळ मातीवर गवत आणि बुटकी झुडपे. जागोजागी साचलेले पाणी. सड्याखाली जांभा असतो, तर यॉर्कशरच्या मूरखाली खडबडीत वाळूचा दगड असतो. पूर्वी त्यापासून पिठाच्या गिरणीची जाती घडवीत, म्हणून त्याचे नावही जात्याच्या दगडावरूनच पडले आहे. त्या दगडावर कुजलेल्या वनस्पतींचा काळा, स्पंजासारखा थर असतो. त्याला पीट म्हणतात. हा थर वर्षाला जेमतेम १ मिलिमीटर वाढतो. म्हणजे मीटरभर खोल पीट दिसले, तर सुमारे हजार वर्षे आपल्या पायाखाली आहेत असे समजावे. हे मूर सर्वस्वी नैसर्गिक आहेत असेही नाही. हजारो वर्षांपूर्वी माणसाने तेथील झाडे तोडली, पुढे मेंढ्या चरत राहिल्या, आणि जमीन उघडी ती उघडीच राहिली.

आम्ही गेलो तो मूर वेस्ट यॉर्कशरमधील इल्कली या गावाच्या डोक्यावर पसरलेला आहे. लीड्सहून रेल्वेने तेथे पोहोचण्यास अर्धा तास पुरतो. मूरचा माथा ४०२ मीटर उंच. आम्हांला माथ्याशी काही कर्तव्य नव्हते.

आरोग्यविषयक पाक्षिकात या गावाचे नाव येण्यास आणखी एक कारण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इल्कली हे जलोपचाराचे गाव म्हणून प्रसिद्धीस आले. १८४४ मध्ये येथे बेन ऱ्हायडिंगचे मोठे जलोपचारगृह उघडले, १८५६ मध्ये वेल्स हाउस उभे राहिले, आणि त्याही पूर्वीपासून मूरच्या उतारावरील ‘व्हाइट वेल्स’ या पांढऱ्या इमारतीत झऱ्याच्या बर्फगार पाण्याचे स्नानकुंड होते. ती इमारत आजही आहे. उघडी असली की तिच्यावर निशाण फडकते. ओल्या चादरीत गुंडाळणे, थंड पाण्याच्या धारा, साधे अन्न, मद्यावर बंधन आणि मूरवर फिरणे, असा तो दिनक्रम असे. १८५९ च्या ऑक्टोबरात पन्नाशीतला चार्ल्स डार्विन येथेच उपचारांसाठी येऊन राहिला आणि २४ नोव्हेंबर रोजी त्याचा जातिसंभवावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हाही तो इल्कलीतच होता. त्याला मात्र येथील हवेने फारसा हात दिला नाही. त्याचा घोटा मुरगळला, मग पाय सुजला, अंगावर पुरळ आणि गळवे उठली. थंड पाण्याने त्या काळी कोणता रोग खरोखर बरा झाला असेल, याविषयी मला शंकाच आहे. परंतु वेळेवर जेवण, वेळेवर झोप आणि रोज चढावर चालणे एवढ्याने पुष्कळांना बरे वाटले असणार, याविषयी मात्र शंका नाही.

आता ज्यांच्यासाठी गेलो त्यांच्याविषयी. माझी थोरली बहीण ७८ वर्षांची आहे. रत्नागिरीजवळच्या एका वाडीत आमचे बालपण गेले. गेली काही वर्षे ती मुलाकडे लीड्सला असते आणि दिवाळीच्या सुमारास दोन-तीन महिने कोकणात येते. गेल्या हिवाळ्यात दाराबाहेरच्या गोठलेल्या पायरीवरून ती घसरली आणि मनगटाचे हाड मोडले. हाड सहा आठवड्यांत सांधले. अस्थिघनतेची तपासणी झाली, हाडे विरळ झाल्याचे निष्पन्न झाले, औषध सुरू झाले. वैद्यकीय बाजू व्यवस्थित पार पडली. पण सप्टेंबरात मी तेथे पोहोचले तेव्हा ताई घरातल्या घरातही भिंतीला हात लावून चालत होती, आणि मागील अंगणात जाऊन सहा महिने झाले होते. दिवाळीचे तिकीट रद्द करून टाक, असे तिने मुलाला सांगितले होते. तिकीट रद्द करावयाचे की नाही, याचा निर्णय त्याच आठवड्यात व्हायचा होता.

मी पुण्यात पस्तीस वर्षे भौतिकोपचारतज्ज्ञ म्हणून काम केले. पडलेल्या माणसापेक्षा पडण्याला भिणारा माणूस बरा करणे अधिक कठीण, हे त्या वर्षांत पुनःपुन्हा अनुभवास आले. भीतीने माणूस कमी हालतो. न हालल्याने मांड्या व पोटऱ्या क्षीण होतात, घोट्यांना जमिनीचा अंदाज घेण्याची सवय राहत नाही, आणि मग पडण्याची शक्यता खरोखरच वाढते. म्हणजे भीती स्वतःच्या समर्थनार्थ पुरावा निर्माण करते. त्यात घरच्यांची भीती मिसळली की वर्तुळ पूर्ण होते. माझ्या भाच्याने आईसाठी काय केले नव्हते? न्हाणीघरात धरावयाचे दांडे बसविले, गालिचे काढले, पायऱ्यांवर खरखरीत पट्ट्या लावल्या. हे सारे योग्यच होते. पण “आई, तू उठू नकोस, मी देतो,” हे वाक्य मी पहिल्याच दिवशी इतक्या वेळा ऐकले की मोजणे सोडून दिले.

“मावशी, पुन्हा पडली तर?” त्याने मला स्वयंपाकघरात हळूच विचारले.

त्याचा प्रश्न गैर नव्हता, आणि ‘काही होत नाही’ हे त्याचे उत्तरही नव्हे. उत्तर तपासूनच द्यावे लागते.

निघण्यापूर्वीची तपासणी

वाचकांपैकी ज्यांना घरातील ज्येष्ठांस बऱ्याच खंडानंतर बाहेर न्यावयाचे आहे, त्यांनी प्रथम त्यांच्या डॉक्टरांशी बोलावे. छातीत दुखणे, चक्कर, अलीकडे वाढलेला दम, शुद्ध हरपणे यांपैकी काही असेल, तर फिरणे पुढे ढकलावे. ताईच्या डॉक्टरांनी अनुमती दिल्यावर आम्ही घरीच काही गोष्टी पाहिल्या. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून सलग पाच वेळा उठता येते का? तिला आले, सावकाश, पण आले. एक पाऊल दुसऱ्याच्या पुढे, टाच अंगठ्याला लागेल असे ठेवून दहा सेकंद उभे राहता येते का? हे जमेना, सहाव्या सेकंदास ती डगमगली. (ही चाचणी करताना जवळ ओटा किंवा भक्कम टेबल असावे आणि शेजारी माणूस असावा.) निजल्यावर आणि उठून उभे राहिल्यावर रक्तदाबात मोठा फरक पडतो का, हेही पाहिले. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या पुष्कळ वृद्धांचा दाब उभे राहताच घसरतो आणि बाकावरून उठल्याबरोबर डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यावर साधा उपाय असा की उठण्यापूर्वी बसल्या जागी पावले दहा-पंधरा वेळा खालीवर करावीत, उठल्यावर क्षणभर थांबावे आणि मगच चालावे.

मग चष्मा. ताईचा चष्मा दूरचे व जवळचे एकाच काचेत दाखविणारा आहे. अशा चष्म्याचा खालचा भाग वाचनासाठी असतो. चालताना खाली पाहिले की जमीन अस्पष्ट दिसते आणि पायरीची उंची चुकते. बाहेर फिरण्यापुरता केवळ दूरच्या नजरेचा वेगळा चष्मा असणे हा फार लहान खर्चाचा, पण फार उपयोगी उपाय आहे. तिच्याकडे असा जुना चष्मा खणात पडलेला होता. नेत्रतज्ज्ञाकडून त्याचा नंबर पाहून घेतला.

काठीविषयी इतके गैरसमज आहेत की थोडे थांबून सांगते. सरळ उभे राहून हात सैल सोडावा. मनगटाची घडी जेथे येते तेवढी काठीची मूठ उंच असावी, म्हणजे काठी धरल्यावर कोपर किंचित वाकलेले राहते. काठी दुबळ्या किंवा दुखऱ्या पायाच्या बाजूस नव्हे, तर विरुद्ध हातात धरावयाची असते. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आणि काठी आधी. आणि काठीच्या टोकाचे रबर! ते झिजून गुळगुळीत झालेले असते आणि घरात कुणाचे तिकडे लक्ष नसते. ताईच्या काठीचे रबर एका बाजूने पार झिजले होते. ते बदलल्याशिवाय मी निघू दिले नाही.

कपड्यांचे म्हणाल तर एक जाड कोट घालण्यापेक्षा तीन पातळ थर बरे: आत घाम शोषणारा, मध्ये लोकरीचा, वर वारा व पाऊस अडविणारा. वय वाढले की शरीर थंडीची चाहूल उशिरा घेते, कापरेही कमी भरते. त्यामुळे ‘थंडी वाजत नाही’ हे वृद्धांचे म्हणणे प्रमाण मानू नये. थंडीने त्वचेतील रक्तवाहिन्या आक्रसतात आणि रक्तदाब चढतो. हृदयविकार असलेल्यांनी थंड वाऱ्यात एकदम जोराने चालणे टाळावे. दर १०० मीटर उंचीला तापमान अर्ध्या-पाऊण अंशाने उतरते, आणि वारा ते आणखी उतरल्यासारखे भासवितो. टोपीचा आग्रह तर त्या मूरचाच आहे. यॉर्कशरचे जणू प्रांतगीत मानले जाणारे एक विनोदी लोकगीत याच इल्कली मूरवर टोपीवाचून प्रेयसीला भेटावयास गेलेल्या तरुणावर आहे. थंडी बाधून तो मरणार, त्याला किडे खाणार, किड्यांना बदके खाणार आणि बदकांना गावकरी खाणार, अशी त्याला ताकीद दिली जाते. ताईला मी ही गोष्ट सांगितली तेव्हा तिने निमूटपणे कानटोपी मागितली.

आणखी एक गोष्ट, जिचा उच्चार आपण संकोचाने टाळतो. स्वच्छतागृह कोठे आहे हे ठाऊक नसल्यामुळे कितीतरी ज्येष्ठ स्त्रिया आणि प्रोस्टेटचा त्रास असलेले पुरुष घराबाहेर पडतच नाहीत; किंवा पडतात ते पाणी न पिता. म्हातारपणी तहान आधीच मंदावलेली असते. त्यात पाणी तोडले की चक्कर येण्यास निमित्तच मिळते. निघण्यापूर्वी आणि गावात पोहोचल्यावर स्वच्छतागृहात जाऊन येणे, हा आमच्या आखणीचा अधिकृत भाग होता. लघवीची गोळी असल्यास ती कोणत्या वेळी घ्यावी, हे डॉक्टरांना आधी विचारून ठेवावे.

चालणे

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. आभाळ खाली उतरलेले, कोठेही सावली नाही, तापमान ११ अंश. स्थानकापासून मूरपर्यंतचा रस्ता चढाचा आहे, म्हणून मोटारीने डार्विनचे नाव दिलेल्या बागेपर्यंत गेलो. तेथून ‘टार्न’ नावाच्या लहानशा तळ्यापर्यंत बांधीव वाट आहे, चढ सौम्य आहे, बसावयास बाक आहेत. निरोगी माणूस ही फेरी पटकन उरकील. आम्ही पाऊण तास धरला होता आणि एक अट ठरविली होती: कोठून परतावयाचे हे ताई ठरवील, आणि तिने ‘वळू’ म्हटले की कारण विचारावयाचे नाही.

पहिली शंभर पावले तिने जमिनीकडे पाहूनच टाकली. भिणारा माणूस असाच चालतो: मान खाली, पावले आखूड, गुडघे ताठ. समोर सहा-सात पावलांवर नजर ठेवून चालल्यास शरीर अधिक स्थिर राहते, हे मी तिला सांगितले. पण सांगून ते होत नसते. झाले ते एका मेंढीमुळे. वाटेच्या कडेला काळ्या तोंडाची एक मेंढी उभी होती आणि हलावयास तयार नव्हती. ताईने मान वर केली, तिच्याकडे पाहिले, आणि मग ती वरच राहिली.

वर पाहिल्यावर दिसण्यासारखे पुष्कळ होते. ऑगस्टात जांभळ्या फुलांनी बहरणारी हेदरची झुडपे आता तपकिरी झाली होती, मोठमोठे नेचे गंजाच्या रंगाचे झाले होते, आणि त्या सगळ्यावर मळभाचा एकसारखा उजेड. अशा उजेडात एक धोका असतो, तो ध्यानात ठेवावा. सावल्या नसल्या की खड्डा आणि उंचवटा यांतील फरक डोळ्यांना नीट कळत नाही, आणि मोतीबिंदू असेल तर मुळीच कळत नाही. तोल सांभाळण्यास शरीराजवळ तीन साधने असतात: डोळे, अंतर्कर्ण, आणि तळपाय व सांध्यांतून येणारी जाणीव. डोळे कमी पडतात तेथे उरलेल्या दोघांवर भार येतो. म्हणून मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना मंदावली आहे, त्यांनी अशा उजेडात खडबडीत वाटेला जाऊ नये. बांधीव वाटच धरावी.

वेग कोणता असावा? चालता चालता बोलता यावे, पण गाता येऊ नये. ही कसोटी घड्याळापेक्षा बरी. विशेषतः बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांना, कारण त्या औषधाने नाडीचा वेग दबलेला असतो आणि आकडा फसवितो. ताई बोलत होती. पहिल्या बाकावर बसून ती मला दगड दाखवू लागली. इल्कली मूरच्या परिसरात शेकडो खडकांवर प्रागैतिहासिक माणसाने कोरलेल्या वाट्या आणि वर्तुळे आहेत, आणि आमच्या रत्नागिरीच्या सड्यांवर उक्षीला, कशेळीला कातळशिल्पे आहेत. कोणी, कशासाठी कोरली, हे दोन्हीकडे गूढच. “उघड्या माळावर माणसाला काहीतरी खोदून ठेवावंसं वाटतंच बहुतेक,” ताई म्हणाली. “आपण नाही का शाळेत जाताना सड्यावर खडूनं नावं लिहीत होतो? आणि पावसात पुसली की रडत होतो.”

पुढे वाटेवर एके ठिकाणी वरून ओघळणारे पाणी आडवे पसरले होते. फार नव्हते, तीन-चार पावलांची ओल. पण त्यात कुजकी पाने होती. ताई थांबली. तिचा चेहरा मी पाहिला. गोठलेली पायरी तिला दिसत होती. त्याच क्षणी भाच्याने पुढे होऊन तिला काखेत धरून उचलल्यासारखे केले.

अशा धरण्याने माणूस अधिक असुरक्षित होतो. त्याच्या शरीराचा मध्य सरकतो, काठीचा हात बांधला जातो, आणि काळजीवाहकाचा पाय घसरला तर दोघे पडतात. योग्य रीत अशी: चालणाऱ्याच्या दुबळ्या बाजूस, किंचित मागे उभे राहावे, आपण त्याला धरू नये, आपला हात त्याला धरावयास द्यावा. धरावयाचे की नाही, हे त्याला ठरवू द्यावे. मी भाच्याला एवढेच म्हटले, “सोड तिला, आणि तुझा हात पुढे कर.” सोडताना त्याची जी अवस्था झाली ती मला दिसत होती. काळजी घेणाऱ्याला काही न करता जवळ उभे राहावे लागते, तो सर्वांत अवघड भाग. 

ताईने काही क्षण त्या पाण्याकडे पाहिले. मग काठी पाण्यात टेकवून दाबून पाहिली, रबर घसरत नाही याची खात्री केली, बाजूच्या खडबडीत दगडावर पाऊल ठेवले, दुसरे जवळ घेतले, पुन्हा काठी. मुलाच्या हाताला तिने बोटे लावली, धरले मात्र नाही. चार पावलांना तिला मिनिटभर लागले असेल. पलीकडे गेल्यावर ती म्हणाली, “हे तर आपल्या सड्यासारखंच. शेवाळ चुकवायचं, खरखरीत दगड बघायचा.” पाऊण शतकापूर्वी अनवाणी पायांनी शिकलेले ते शहाणपण कुठेही गेले नव्हते.

तळे दिसू लागले तेव्हा वारा वाढला आणि बारीक पाऊस सुरू झाला. वरच्या हेदरमधून ग्राउज पक्ष्याचा घोगरा आवाज आला. तित्तिरकुळातला हा तांबूस पक्षी ‘गो-बॅक, गो-बॅक’ असे ओरडतो, असे इंग्रज लोक म्हणतात. म्हणजे ‘मागे फिर’. आम्ही तिघेही हसलो. तळ्याच्या काठी बाकावर बसून थर्मासमधला चहा झाला. तळ्याला वळसा घालून यावयास फारसा वेळ लागला नसता, आणि गंमत अशी की आता भाचाच म्हणू लागला, “आई, थोडंच राहिलंय, पूर्ण करू की.”

ताई म्हणाली, “मला पुरे. परतायला जेवढं लागतं तेवढं शिल्लक आहे. आत्ता वळू.”

याहून योग्य निर्णय मीही दिला नसता. परतीची वाट उताराची असते आणि उतार सोपा असतो, ही समजूत चुकीची आहे. उतरताना मांडीच्या पुढील स्नायूंना लांबत लांबत शरीराचा भार पेलावा लागतो. ते दमलेले असले की गुडघा एकाएकी लचकतो. ज्येष्ठांनी फिरण्याचा हिशेब शक्तीच्या निम्म्यावर करावा: निम्मी संपण्यापूर्वी वळावे.

उतरताना वाटेलगतच्या ओलीत मी तिला स्फॅग्नम नावाचे फिकट हिरवे शेवाळ दाखविले. पीट मुख्यतः याच्यापासून बनते. स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे वीसपट पाणी ते शोषू शकते आणि ते आम्लधर्मी असल्याने त्यात जंतू सहजी वाढत नाहीत. म्हणून पहिल्या महायुद्धात कापसाची टंचाई पडली तेव्हा ब्रिटनमध्ये ते गोळा करून, वाळवून सैनिकांच्या जखमांवर बांधीत. ताईने चिमूटभर पिळून पाहिले. हातभर पाणी निघाले.

मळभातून काय मिळते

ऊन नसताना बाहेर जाऊन काय उपयोग, असे पुष्कळांना वाटते. दिवा लावलेल्या खोलीत प्रकाश साधारणतः १०० ते ३०० लक्स असतो. दाट मळभाच्या दिवशीही दुपारी बाहेर तो हजार लक्सच्या पुढे आणि बहुधा कित्येक हजारांत असतो. डोळा चटकन जुळवून घेतो म्हणून हा फरक आपल्याला जाणवत नाही. मेंदूतील दिवस-रात्रीचे घड्याळ मात्र तो बरोबर नोंदवून घेते. दिवसभर अंधुक खोलीत बसणाऱ्या वृद्धांची रात्रीची झोप तुटक होते, ती काही अंशी या घड्याळास दिवस कळत नाही म्हणून. सकाळी अर्धा तास बाहेर, मळभात का होईना, हा त्यावरील निर्धोक उपाय आहे.

ड जीवनसत्त्वाची मात्र अपेक्षा ठेवू नये. ब्रिटनच्या अक्षांशावर ऑक्टोबरपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत सूर्यकिरणांतून ते पुरेसे तयारच होत नाही. तेथील सरकारी आरोग्यसल्ला असा की हिवाळ्यात सर्वांनी रोज १० मायक्रोग्रॅम, अर्थात ४०० एकके, पूरक स्वरूपात घेण्याचा विचार करावा, आणि सावळ्या वर्णाच्या तसेच बहुतांशी घरात राहणाऱ्या व्यक्तींनी वर्षभर. मुलांकडे राहणाऱ्या आपल्या बहुतेक ज्येष्ठांना हे दुहेरी लागू पडते. कमतरता तपासणीत आढळली असेल तर मात्रा डॉक्टरच ठरवितील. मित्राच्या सांगण्यावरून मोठ्या मात्रेच्या पुड्या घेऊ नयेत.

घरी आल्यावर पायांची तपासणी करावी. मूरवरच्या गवतात व नेच्यांत गोचिडी असतात आणि त्यांपैकी काहींच्या चाव्यातून लाइम नावाचा आजार होतो. विजार पायमोज्यात खोचावी. गोचीड चिकटलेली दिसल्यास बारीक चिमट्याने त्वचेच्या अगदी लगत धरून सरळ ओढून काढावी. पुढील काही आठवड्यांत त्या जागी पसरत जाणारे लाल वर्तुळ उठले तर डॉक्टरांना दाखवावे. आम्ही बांधीव वाट सोडली नव्हती, तरी पाहिले. काही नव्हते. 

दुसऱ्या दिवशी ताईच्या मांड्या दुखल्या. दोन दिवसांत थांबल्या. दुखणे दोन दिवसांहून अधिक टिकले, किंवा सांधा सुजला, तर पुढचे फिरणे आखूड करावे. जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांवरील व्यक्तींना आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि त्याखेरीज आठवड्यातून किमान तीन दिवस तोल व शक्तीचे व्यायाम सुचविते. ताईने १५० हा आकडा ऐकून मला हात जोडले. जेथे शून्य होते तेथे आठवड्यास चाळीस मिनिटे ही मोठी गोष्ट आहे, आणि पुढचे पुढे. स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभे राहून टाचा उचलणे आणि एका पायावर उभे राहणे, हे मात्र तिने रोज सुरू केले. दहा दिवसांनी एक पाऊल पुढे ठेवून ती नऊ सेकंद उभी राहिली.

तिकीट रद्द झाले नाही. विमानतळावर चाकांची खुर्ची घेण्यास तिने प्रथम नकार दिला, कारण लोक काय म्हणतील. भाच्याने तिला सांगितले की तेथे मैलभर चालण्यात शक्ती घालविली तर सड्यावर चालण्यास ती उरणार नाही. हा युक्तिवाद तिला पटला, बहुधा तिचाच होता म्हणून.

आपल्याकडे मूर नाहीत; सडे आणि पठारे पुष्कळ आहेत. पाचगणीचे टेबल लँड सपाट असल्याने ज्येष्ठांना सोयीचे. तेथे वारा मात्र जबर असतो, कान झाकावेत. कोकणातील सड्यांवर भर पावसात जाऊ नये. जांभ्यावरचे शेवाळ काठीलाही दाद देत नाही. पाऊस ओसरल्यावर, कातळ कोरडा झाला की जावे. परतीच्या पावसात दुपारनंतर गडगडाट ऐकू आला, तर उघड्या सड्यावर क्षणभरही थांबू नये आणि एकाकी झाडाखालीही उभे राहू नये. गाडीत किंवा पक्क्या घरात जावे. मळभ आणि वीज या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीला भिण्याचे कारण नाही, दुसरीला आहे.

ताई नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात रत्नागिरीस पोहोचेल. तोवर सड्यावरचे गवत पिवळे झालेले असेल आणि कातळ सुकलेला असेल. काठीच्या रबराचे दोन जादा जोड तिने सामानात आधीच टाकले आहेत.